साक्ष फाटकाबाहेरची

संपादक महोदय,
स. न.

नाताळ जवळ आला की आमच्या चर्चमधून 'साक्ष', म्हणजे आपल्या वागण्यातून लोकांना दिसणारी श्रद्धा, हा शब्द वरचेवर ऐकू येतो. शेजारच्या इमारतीत राहणाऱ्याने बहुधा बायबल उघडलेले नसते. रविवारी सकाळी त्याच्या फाटकासमोर आडवी लावलेली आमची मोटार मात्र तो पाहतो आणि 24 डिसेंबरचा आमचा लाउडस्पीकर ऐकतो. मिरजेला ख्रिस्ती मिशनरी डॉ. वानलेस यांनी 1894 मध्ये रुग्णालय सुरू केले, दुष्काळात पंडिता रमाबाईंनी केडगावला निराधार मुलींना आसरा दिला. त्या पुण्याईमुळे आजही आम्हाला मान मिळतो. ती त्यांनी कमावली, खर्च आम्ही करतो आहोत.

आधी आवाजाचे बोलू. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. सणांसाठी वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. आपल्या जिल्ह्यात यंदा त्यात 24 तारीख आहे की 25, हे मंडपवाल्याला आगाऊ देण्यापूर्वीच पाहावे. सवलत मिळाली म्हणजे आवाजाची मर्यादा उठली, असे नव्हे. निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे, आणि घरात आजारी किंवा तान्हे कोणी असेल तर तेवढाही आवाज फार होतो. उपासना मैदानावर असेल तर ती 10 च्या आत संपवणे सर्वांत सरळ.

खरी चूक स्पीकरच्या मांडणीत होते. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. त्यामुळे वेदीजवळच्या दोन मोठ्या स्पीकरमधून शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा, तर तो इतका चढवावा लागतो की समोरच्या बाल्कन्याही दणाणतात. त्याऐवजी सहा-आठ लहान स्पीकर रांगांच्या कडेने, तोंड आत आणि किंचित खाली करून लावले, तर कमी आवाजात सगळ्यांना ऐकू येते. कीबोर्डचा बेस उतरवावा, भिंतींतून आरपार जातो तो तोच. शिवाय चाचणी दुपारी रहदारीत घेतली, तर ठीक वाटलेला आवाज रात्रीच्या शांततेत फार मोठा होतो. चाचणी आदल्या रात्री, 10 च्या आत, शेजाऱ्याच्या फाटकापाशी उभे राहून घ्यावी.

रविवारची कोंडी होते ती दोन उपासनांमध्ये वेळ नसल्यामुळे. पहिल्या उपासनेची माणसे अंगणात बोलत थांबतात, तोवर दुसऱ्या उपासनेची वाहने येतात. मध्ये निदान 45 मिनिटे ठेवावीत आणि दोन स्वयंसेवक अर्धा तास आधी फाटकावर उभे करावेत. रुग्णवाहिका जाईल एवढी वाट मोकळी राहिलीच पाहिजे, लग्न असो वा अंत्यविधी.

यापेक्षा जिव्हारी लागणारी गोष्ट घरातली आहे. नाताळच्या आठवड्यात घरकामाच्या बाईवर जादा सफाई, करंज्यांचे तळण, पाहुण्यांची भांडी असे सगळे येऊन पडते आणि पगार तोच राहतो. जादा कामाचे जादा पैसे आधी ठरवावेत आणि त्याच दिवशी हातात द्यावेत. दिवाळीला तिला सुटी हवी असते, ती पगार न कापता द्यावी. राज्याच्या घरेलू कामगार कल्याण मंडळात नाव नोंदवायला तिला आपण दिलेला कामाचा दाखला लागत असेल, तर सही करताना घुटमळू नये. मजुरांची अडवलेली मजुरी ओरडते, असे बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात स्पष्ट लिहिले आहे (5:4). तो उतारा चर्चमध्ये वाचला जातो. तिचे पैसे मात्र 'पुढच्या आठवड्यात बघू' म्हणून राहतात, आणि ती आणखी चार घरी काम करते.

धर्मग्रामांच्या (पॅरिशच्या) मंडळांना आणि पाळकांना विनंती, की उपासनेच्या वेळापत्रकाची एक प्रत डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात शेजारच्या प्रत्येक सोसायटीत द्यावी. खाली एका जबाबदार व्यक्तीचा फोन नंबर लिहावा, आणि त्या रात्री तो फोन कोणीतरी उचलावा.

आपला विश्वासू,
एक ख्रिस्ती वाचक, वसई