ज्येष्ठांची घरे जाहिरातीत, ज्येष्ठ मात्र पुनर्विकासात

मा. संपादक,
स. न.

आपल्या वास्तू पुरवणीत हल्ली ज्येष्ठांसाठीच्या गृहसंकुलांच्या पानभर जाहिराती दिसतात. मुले परदेशी, घरात दोघेच, गाठीला निवृत्तीचे पैसे. बिल्डरांनी हा ग्राहक अचूक हेरला. त्याबद्दल तक्रार नाही. पण याच पुरवणीत बांधकाम व्यवसाय समाजाप्रमाणे बदलतो आहे, असे वाचले की हसू येते.

पैशाचे वारे फिरले की हा व्यवसाय खरोखर चटकन फिरतो. २०२०च्या सप्टेंबरात मुद्रांक शुल्कात तीन टक्क्यांची सवलत मिळाली, तेव्हा टाळेबंदीत अडकलेले फ्लॅट कसे धडाधड खपले ते सर्वांनी पाहिले. राहणाऱ्याच्या सोयीचा बदल मात्र नेहमी कायद्याच्या काठीनेच झाला. बिल्डरने सोसायटीला जमिनीचे कन्व्हेयन्स, म्हणजे मालकीचे हस्तांतरण करून द्यायचे, हे १९६३च्या मोफा या फ्लॅटमालकीच्या कायद्यातच होते. ते इतक्यांनी बुडवले की अखेर २००८मध्ये मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे बिल्डरने करून दिले नाही तरी जमीन सोसायटीच्या नावे होण्याची तरतूद करावी लागली. स्टिल्टमधले, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या मोकळ्या जागेतले पार्किंग बिल्डरला विकता येत नाही, हे २०१०मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. आणि 'सुपर बिल्टअप'च्या नावाखाली जिन्याचे, लॉबीचे पैसे घेणे आटोक्यात यायला २०१७ साली महारेरा हे बिल्डरांवरचे नियामक प्राधिकरण यावे लागले.

आता ज्येष्ठांचेही तेच होते आहे. मे २०२४मध्ये महारेराने ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियमावली काढली. व्हीलचेअर जाईल एवढे रुंद दरवाजे, घसरडी नसलेली फरशी, न्हाणीघरात धरायला दांडे, प्रशस्त लिफ्ट, लिफ्टला वीज गेल्यावरही पर्यायी पुरवठा. उत्तम नियमावली आहे. पण ती लागू कोणाला? 'ज्येष्ठांसाठी' म्हणून जाहिरात करून विकल्या जाणाऱ्या प्रकल्पांना. म्हणजे गावाबाहेरच्या, बहुधा महागड्या संकुलांना.

खरे ज्येष्ठ तिथे नाहीत. ते मुलुंड, बोरिवली, डोंबिवली आणि पुण्यात कोथरूडच्या, सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या तळमजला अधिक तीन मजल्यांच्या, बिनलिफ्टच्या इमारतींत आहेत. तेव्हा तिशी-पस्तिशीत फ्लॅट घेणारे आज पंचाहत्तरी-ऐंशीत आहेत आणि त्यांच्याच इमारती आता पुनर्विकासाला निघाल्या आहेत. मी आमच्या सोसायटीच्या समितीवर आहे. आलेल्या प्रत्येक ऑफरमध्ये जिम, क्लब हाऊस आणि गच्चीवर 'स्काय गार्डन' होते. न्हाणीच्या दाराची रुंदी एकानेही दिली नव्हती. ती विचारल्यावर एका प्रतिनिधीने माझ्याकडे असे पाहिले, की मी जणू घोड्यासाठी तबेला मागितला. अर्थात दोष एकट्या बिल्डरचा नाही. आम्ही सभासदही सभेत जादा चटई क्षेत्र, कॉर्पस (बिल्डरकडून मिळणारा निधी) आणि पार्किंग यांवरच घसा कोरडा करतो.

त्याहून कठीण असतात मधली तीन-चार वर्षे. बिल्डर भाड्याचा चेक देतो आणि मोकळा होतो. पण ऐंशीच्या घरातल्या एकट्या बाईला घर द्यायला मालक तयार नसतात. 'म्हातारं माणूस, उद्या काही झालं तर?' असे एजंट तोंडावर सांगतात. त्यात करार अकरा महिन्यांचा, म्हणजे दर वर्षी पुन्हा शोधाशोध. ओळखीचा डॉक्टर, औषधवाला, देऊळ, बागेतला कट्टा सारे तुटते. परतल्यावर बाविसाव्या मजल्यावरचे घर आणि लिफ्ट, अग्निशमन पंप, सांडपाणी प्रकल्प यांचा मेंटेनन्स. पेन्शन तर तेवढेच. मग कित्येकजण नवे घर विकून किंवा भाड्याने देऊन लांब जातात. पुनर्विकास ज्यांच्या जागेवर झाला त्यांना तो झेपत नाही, हे कुठल्याच माहितीपत्रकात छापले जात नाही.

राज्याच्या २०२५च्या गृहनिर्माण धोरणात ज्येष्ठांच्या घरांचा वेगळा विचार आहे, पण सवलती पुन्हा नव्या प्रकल्पांकडेच वळतील अशी भीती वाटते. सहकारी संस्थांच्या पुनर्विकासाला सहकार कायद्याच्या कलम ७९(अ)खालील २०१९चे निर्देश आहेत. त्यांत ५१ टक्के संमतीपासून निविदांपर्यंत सगळे आहे. त्यांतच दोन गोष्टी घालाव्यात. एक, महारेराचे ज्येष्ठांसाठीचे निकष पुनर्विकसित इमारतीतल्या मूळ सभासदांच्या प्रत्येक घराला सक्तीचे करावेत. दरवाजा चार इंच रुंद केल्याने कोणाचा प्रकल्प बुडत नाही. दोन, पंचाहत्तरीपुढच्या सभासदाने मागितल्यास बिल्डरने भाड्याऐवजी त्याच परिसरात, काम संपेपर्यंतच्या मुदतीचे घर स्वतः मिळवून द्यावे आणि ते पर्यायी निवासाच्या करारात लिहावे.

आपल्या पुरवणीलाही एक विनंती. पुनर्विकासाच्या पानावर चौरस फुटाच्या दरांबरोबर, पुनर्विकसित इमारतींत मूळ सभासदांपैकी किती जण राहायला परत आले, याचीही माहिती छापावी.

आपला,
एक वाचक, मुलुंड (पूर्व)