हिरडीला हात लावण्यापूर्वी

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

माझ्या मुलीच्या उजव्या गालावर जन्मापासून जांभळट-लाल डाग आहे, आणि गरोदरपणी मी ग्रहण पाळले नाही म्हणून तो पडला, हे मी गेली १४ वर्षे ऐकत आले. फिट्स सुरू झाल्यावर मेंदूच्या डॉक्टरांनी स्टर्ज-वेबर हे आजाराचे नाव सांगितले होते. पण त्याच बाजूच्या हिरडीतल्या रक्तवाहिन्याही वाढू शकतात, हे तुमच्याकडे येईपर्यंत आम्हाला ठाऊक नव्हते. हिरडी दातांवर चढली, भाकरीच्या घासाला रक्त लागू लागले, तेव्हा एका ठिकाणी आम्हाला वाढलेला भाग लगेच कापून टाकू असे सांगितले. आम्ही घाबरून जिंतूरला परत आलो, ते बरेच झाले.

तुम्ही काचेच्या पट्टीने हिरडी दाबली, ती फिकी पडून पुन्हा लाल होते हे आम्हालाही दाखवले, आणि अशा हिरडीला घाईने कापले तर रक्त थांबवणे अवघड जाते, हे समजावून सांगितले. फिट्ससाठी चालू असलेल्या फेनिटोइनच्या गोळीनेही हिरड्या वाढतात म्हणून तुम्ही आधी मेंदूच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली. त्यांनी गोळी हळूहळू बदलली. मनाने एक दिवसही गोळी चुकवायची नाही, हे तुम्ही मला तीनदा बजावले होते. दर खेपेला थोडे थोडे किटण काढून, मऊ ब्रश तिच्या हातात देऊन तुम्ही स्वतः शिकवले. त्यानेच बरीच सूज उतरली. उरलेली गाठ रक्ताच्या तपासण्या झाल्यावर लेझरने काढली आणि तुकडा तपासणीला पाठवला.

तरी सर्वांत मोठे आभार दुसऱ्याच गोष्टीसाठी आहेत. सासूबाईंना मुद्दाम आत बोलावून तुम्ही सांगितले, की या आजारामागचा जीएनएक्यू जनुकातला बदल २०१३ साली सापडला, तो गर्भ वाढत असताना काही पेशींमध्ये आपोआप होतो, आईवडिलांकडून येत नाही आणि ग्रहणाने तर नाहीच. सासूबाई एसटीत बराच वेळ माझा हात धरून बसल्या होत्या.

हिरडी पुन्हा वाढू शकते, हे तुम्ही सांगितलेले लक्षात आहे. तीन महिन्यांनी तपासणीला येऊ, तेव्हा शेतातला हुरडा आणते. यंदा तिने तो स्वतःच्या दातांनी चावून खाल्ला.

आपली कृतज्ञ,
एक आई