कातकरवाडी रिकामी असताना भरणाऱ्या ग्रामसभा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी सरली की आमच्या रायगड जिल्ह्यातल्या कातकरवाड्या, म्हणजे कातकरी आदिवासींच्या वस्त्या, ओस पडू लागतात. वीटभट्टी किंवा कोळसाभट्टीच्या मालकाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी लेकराबाळांसह बिऱ्हाडे हलतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. नेमक्या याच काळात २६ जानेवारी आणि १ मेच्या ग्रामसभा होतात, आणि नळाचे पाणी कुठवर न्यायचे, रस्ता कोणत्या वाडीला आधी द्यायचा, हे ज्यांना सर्वांत जास्त सोसावे लागते त्यांच्या गैरहजेरीत ठरते.

हजर असतात तेव्हाही फार फरक पडत नाही. आमच्या गावच्या सभेत खुर्च्यांवर गावकीची मंडळी आणि मुंबईहून आलेले चाकरमानी बसतात, तर कातकरी बाया दाराबाहेरच्या पायरीवर. त्यांचे अंगठे नोंदवहीत उमटतात, गणसंख्या भरते; इतिवृत्तात मात्र त्यांचे एक वाक्यही उतरत नाही. एका आजींनी वाडीतल्या बंद हातपंपाविषयी विचारले, तेव्हा ‘तुमचा विषय नंतर घेऊ’ असे सांगण्यात आले आणि त्यानंतर सभाच आटोपली. चाकरमान्यांनी गावासाठी पुष्कळ केले आहे, हे मी मनापासून मानतो. तरीही ज्यांचे मतदान मुंबईत आहे त्यांच्या शब्दाला वजन आणि इथल्याच रहिवाशाला पायरी, हे मला अन्यायाचे वाटते.

याची झळ घरापर्यंत पोहोचते. अनेक वाड्या पिढ्यान्‌पिढ्या खासगी जमिनीवर वसलेल्या आहेत. अतिमागास आदिवासी जमातींना घरकुलासह मूलभूत सोयी देण्यासाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रधानमंत्री जनमन’ योजनेत कातकरी जमातीचा समावेश आहे. पण पायाखालची जागाच नावावर नसेल तर घरकुल उभे राहायचे कुठे? हा प्रश्न ग्रामसभेत मांडला गेला, तरच पुढे सरकेल.

महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव १९२४ मध्येच केला होता. प्रत्यक्षात त्या पाण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करावा लागला आणि न्यायालयीन निकालासाठी १९३७ पर्यंत थांबावे लागले. त्याच जिल्ह्यात आजही नुसत्या कागदोपत्री हक्कावर समाधान मानले जावे, याचे दुःख होते.

ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहेच. त्याच धर्तीवर दिवाळीपूर्वी, बिऱ्हाडे हलण्याआधी, प्रत्येक कातकरवाडीत जाऊन सभा घ्यावी, तिथले म्हणणे बोलणाऱ्याच्या शब्दांत लिहून घ्यावे आणि त्यावर काय निर्णय झाला हे वाडीत येऊन वाचून दाखवावे, अशी जिल्हा परिषदेला कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक वाचक, माणगाव तालुका, जि. रायगड