परवानगी कागद पाहून नको, उभा पाळणा तपासून द्या

माननीय मंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

कायमचा पाळणा एकदा उभा राहतो. फिरत्या आनंदमेळ्यातला पाळणा मात्र दर मुक्कामाला सुटा होतो, ट्रकवर चढतो आणि वेगळ्या जमिनीवर नव्याने जोडला जातो. त्यामुळे मागच्या मुक्कामाच्या प्रमाणपत्रावर या मुक्कामी विसंबता येत नाही. आमची मुख्य मागणी एवढीच की परवानगी दोन टप्प्यांत द्यावी: आधी जागेची व आराखड्याची, आणि पाळणे उभे राहून जागेवर तपासून झाल्यावर ते चालवण्याची.

आकाशपाळण्याचा सगळा भार मोजक्या पायांतून जमिनीत उतरतो. तो पसरवण्यासाठी पायांखाली जाड लाकडी स्लीपर आडवे-उभे रचावे लागतात. भराव, बुजवलेला चर किंवा पावसाने भिजलेली माती असली की एक पाय खचतो, सांगाडा तिरका होतो आणि बेअरिंगवर नको तो ताण येतो. म्हणून पातळी उभारणीनंतर पाहावी, वाळूच्या गोण्या भरून चाचणी फेऱ्या झाल्यावर पाहावी आणि जोराचा पाऊस पडला की पुन्हा पाहावी. पायाखाली विटा किंवा दगडांचे तुकडे दिसले तर पाळणा सुरूच करू देऊ नये. विटा अचानक फुटतात.

जोडांमध्ये पिन जागेवर आहे एवढे पुरत नाही, तिच्या टोकाची आर-क्लिपही, म्हणजे पिन निसटू न देणारी छोटी क्लिपही पाहावी लागते. ही क्लिप वाहतुकीत हरवते आणि तिच्या जागी तार किंवा खिळा येतो. फिरताना तार झिजून तुटते, मग पिन हळूहळू बाहेर सरकते. चांगल्या बोल्टच्या डोक्यावर 8.8 किंवा 10.9 असा मजबुतीचा दर्जा उमटवलेला असतो. बदललेल्या बोल्टवर काहीच नसेल तर तो काढायला लावावा.

सर्वांत घातक दोष डोळ्यांना दिसत नाही. 26 जुलै 2017 रोजी अमेरिकेतील ओहायो स्टेट फेअरमध्ये ‘फायरबॉल’ पाळण्याचा आसनांचा एक संच चालू फेरीत तुटला आणि एका तरुणाचा जीव गेला. सुरू करण्याआधी त्या पाळण्याची तपासणी झालेली होती. आसने धरणाऱ्या पोकळ तुळईच्या आतून गंज चढून पत्रा पातळ झाला होता, असे नंतर उत्पादक कंपनीने सांगितले. बाहेरून रंग ठीक दिसतो, म्हणून पोकळ भागांची जाडी अल्ट्रासोनिक यंत्राने मोजणे आणि महत्त्वाच्या वेल्डची रंग खरवडून भेगा शोधणारी चुंबकीय चाचणी करणे दरवर्षी सक्तीचे हवे.

हवा भरलेल्या जम्पिंग कॅसलजवळ वारा मोजायचे यंत्र असावे. युरोपीय मानकानुसार वारा ताशी 38 किलोमीटरच्या वर गेला की ते चालवायचे नसते, आणि किमान 6 ठिकाणी जमिनीला बांधलेले असावे लागते. विजेच्या प्रत्येक फीडरवर, म्हणजे वीज पुरवणाऱ्या मुख्य तारेवर, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) हवा आणि त्याचे टेस्ट बटण रोज दाबून पाहायला हवे.

हे सारे एका रात्रीत होत नाही. मैदान आदल्या संध्याकाळी ताब्यात आले की जोडणी अंधारात उरकली जाते आणि तपासणीचाच वेळ आधी कापला जातो. म्हणून मैदान किमान चार दिवस आधी द्यावे आणि उभारणीच्या दिवसांचे भाडे घेऊ नये. भाडे चालू असेल तर घाई होणारच, हे नियम करणाऱ्यांनी समजून घ्यायला हवे.

आराखड्यात पाळण्याच्या पूर्ण झोक्याबाहेर कुंपण, वरून विजेची तार जात नसलेली जागा, जनरेटर गर्दीपासून दूर आणि अग्निशमन गाडीसाठी मोकळी वाट दाखवणे बंधनकारक करावे.

आयएसओ 17842 हे पाळण्यांच्या सुरक्षिततेचे आंतरराष्ट्रीय मानक रचना, वापर आणि तपासणी असे तिन्ही भाग सांगते. ते आधाराला घेऊन प्रत्येक यंत्राला कायमचा क्रमांक आणि त्याच्यासोबत फिरणारी नोंदवही द्यावी. दुरुस्ती, बदललेला बोल्ट, रोजची तपासणी हे सारे त्यात सहीनिशी यावे. तपासनीस मालकाच्या पगारावर नसावा आणि जागेवरच पाळणा बंद करण्याचा लेखी अधिकार त्याला मिळावा.

आपले नम्र,
फिरत्या पाळण्यांची उभारणी व तपासणी करणारे अभियंते आणि तंत्रज्ञ