डोकं बाजूला ठेवू नका!

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत विनोदी मालिकांवरचा लेख वाचला. ‘डोकं बाजूला ठेवून बघायचा प्रकार’ असा शेरा त्यात आहे. बऱ्याच मालिकांना तो लागू पडतो, नाही असं नाही. पण माझ्यासारख्या निवृत्त गणित शिक्षिकेला रात्री अकरा वाजता कॅल्क्युलेटर शोधायला लावला तो एका कार्टून मालिकेनेच, म्हणून हे पत्र.

‘द सिम्पसन्स’ या मालिकेच्या १९९५ सालच्या एका भागात होमर, म्हणजे त्यातला मुख्य पात्र असलेला बाप, त्रिमितीच्या जगात जाऊन पडतो. त्याच्या मागे हवेत आकडे तरंगत असतात. त्यात एक समीकरण आहे: १७८२ चा बारावा घात अधिक १८४१ चा बारावा घात बरोबर १९२२ चा बारावा घात. दिसलं न दिसलं तोच गेलं. आता फर्माचं शेवटचं प्रमेय सांगतं, की घात दोनपेक्षा मोठा असेल तर धन पूर्णांकांत अशी बेरीज जुळूच शकत नाही. साडेतीनशे वर्षं हुलकावणी देणारी त्याची सिद्धता अँड्र्यू वाइल्स यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केली होती. आणि इथे होमरच्या पाठीमागे बेरीज जुळलेली!

दहा अंकी कॅल्क्युलेटरवर डावी बाजू मांडली, बारावं मूळ काढलं. उत्तर आलं १९२२. चक्क. वास्तविक दोन्ही बाजूंच्या संख्या चाळीस अंकी आहेत आणि त्यांचे पहिले नऊ अंक सारखे आहेत. पुढचा फरक बिचाऱ्या यंत्राला दिसतच नाही. गंमत म्हणजे ही लबाडी पकडायला यंत्र लागतही नाही. एकक स्थान बघा. १७८२ च्या बाराव्या घाताच्या शेवटी ६ येतो, १८४१ च्या शेवटी १. बेरजेच्या शेवटी ७ हवा, तर १९२२ च्या घाताच्या शेवटी ६. संपलं!

१९९८ मध्ये होमर फळ्यावर असंच दुसरं समीकरण लिहितो: ३९८७ आणि ४३६५, उजवीकडे ४४७२, घात पुन्हा बारावाच. या खेपेला एकक स्थानी दोन्हीकडे ६ येतो, म्हणजे आधीची युक्ती फुकट. मग अंकांची बेरीज करा. २७ आणि १८, दोन्हींना तीनने भाग जातो. ४४७२ ची बेरीज १७, तिला जात नाही. म्हणजे डावी बाजू तीनने भागली जाते, उजवी नाही. मी हे दोन दिवस घरात सगळ्यांना ऐकवत होते.

पहिलं समीकरण शोधायला डेव्हिड एक्स. कोहेन या लेखकाने खास संगणक प्रोग्रॅम लिहिला होता. पडद्यावरच्या एका क्षणासाठी! ‘फ्युचरामा’ या दुसऱ्या कार्टून मालिकेचे लेखक केन कीलर तर उपयोजित गणितातले डॉक्टरेट. तिच्या २०१० च्या एका भागात पात्रांच्या मनांची अदलाबदल करणारं यंत्र आहे, पण एकदा बदललेली जोडी त्यावर पुन्हा बदलता येत नाही. सगळ्यांना आपापल्या शरीरात परत कसं आणायचं? अदलाबदलीत न पडलेली दोन माणसं मदतीला घेतली की कितीही गुंता सुटतो, हे कीलर यांनी सिद्ध केलं. ती सिद्धता त्या भागात फळ्यावर दिसते.

मला भावलं ते हे, की यातला कुणीही विनोद थांबवून समजावून सांगत नाही. ज्याला दिसलं तो हसतो, ज्याला नाही दिसलं त्याचं काही अडत नाही. वर्गात मी नेमकं उलटं करत आले, कोडं घातलं की उत्तर लगेच फळ्यावर.

ती सवय आता मोडते. ‘द सिम्पसन्स’च्या २००६ च्या एका भागात स्टेडियमच्या फलकावर प्रेक्षकसंख्या ओळखायला पर्याय येतात: ८१९१, ८१२८, ८२०८ किंवा ‘सांगता येणार नाही’. पहिले तिन्ही आकडे मुद्दाम निवडलेले आहेत. ८२०८ पासून सुरुवात करा, त्यातल्या प्रत्येक अंकाचा चौथा घात घेऊन बेरीज करा. बाकीचे दोन तुमचे तुम्ही सोडवा.

आपली,
एक वाचक