अपघातातील जखमींना हक्काचा कागद पोलिसांनीच द्यावा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

उसाचा गाळप हंगाम सुरू झाला की सांगली जिल्ह्यातल्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस धावू लागतात, आणि मागे रिफ्लेक्टर नसलेल्या, टायर फुटला म्हणून रस्त्यातच उभ्या करून ठेवलेल्या ट्रॉलीवर दुचाकी आदळल्याच्या बातम्याही आपल्या वृत्तपत्रात येऊ लागतात. मृताचे नाव, गाव, वय छापले जाते. जखमीच्या वाट्याला ‘एक जण गंभीर’ एवढेच शब्द येतात. त्या गंभीर जखमीला पुढे नुकसानभरपाई मिळते का, आणि मिळत नसेल तर ती पहिल्या काही दिवसांतच कशी हातची जाते, याविषयी मला लिहायचे आहे.

माझा धाकटा भाऊ वेल्डिंगची कामे करतो. गेल्या हंगामात वाळवा तालुक्यात अशाच एका उभ्या ट्रॉलीवर त्याची दुचाकी आदळली, मांडीचे हाड मोडले आणि आत रॉड घालावा लागला. तो नीट शुद्धीवर येण्याआधीच ट्रॅक्टरमालकाकडची मंडळी दवाखान्यात हजर झाली. त्यांचे बोलणे उर्मट नव्हते, उलट फार आपुलकीचे होते. ‘बिल आम्ही भागवतो, केसच्या भानगडीत पडू नका, आपला बांधाला बांध आहे,’ असे त्यांचे म्हणणे होते आणि तडजोडीचा स्टॅम्पपेपरही तयार होता. आमचे काही नातेवाईकही ‘मिटवून टाका’ असेच म्हणत होते. वडिलांनी सही केली नाही, म्हणून फिर्याद नोंदवली गेली, घटनास्थळाचा पंचनामा झाला आणि आज मोटार अपघातांच्या भरपाईचे दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणापुढे दावा उभा आहे. आमच्याच परिसरातील ज्या घरांनी सही केली, त्यांच्याकडे आज दवाखान्याच्या पावत्यांखेरीज काहीही नाही.

दवाखान्याचे बिल म्हणजे नुकसानभरपाई नव्हे, ही गोष्ट लोकांपर्यंत पोहोचलेलीच नाही. बिल हा भरपाईचा केवळ एक भाग असतो. उपचाराच्या काळात बुडालेली कमाई, पुढे लागणारा औषधोपचार, सोसलेल्या वेदना आणि कायमचे अपंगत्व आल्यास आयुष्यभर कमी होणारे उत्पन्न हे सारे त्यात धरावे लागते. हिशेब कसा होतो, हे एका काल्पनिक उदाहरणाने सांगतो. चौतीस वर्षांचा कारागीर महिन्याला १५,००० रुपये मिळवतो आणि त्याची कमावण्याची क्षमता २५ टक्क्यांनी घटली, असे समजू. वर्षाचे उत्पन्न १,८०,००० रुपये. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठरवून दिल्याप्रमाणे, चाळिशीच्या आतील स्वयंरोजगारी माणसासाठी त्यात भावी उत्पन्नवाढीचे ४० टक्के मिळवले की २,५२,००० रुपये होतात. त्याचे २५ टक्के म्हणजे ६३,००० रुपये आणि त्याला या वयासाठीच्या १६ या गुणकाने गुणले की १०,०८,००० रुपये होतात. दवाखान्याचा खर्च, वेदनांची भरपाई आणि व्याज यांहून वेगळे. एवढ्या हक्कावर पाणी सोडण्याची सही माणूस अतिदक्षता विभागाच्या दारात उभा राहून करतो, कारण हा हिशेब त्याला कोणी सांगितलेला नसतो.

अपंगत्वाच्या दाखल्यावरचा टक्का आणि कमाईत झालेली घट या दोन गोष्टी एकच नव्हेत, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले आहे. डावा हात गमावलेला कारकून कदाचित नोकरी टिकवू शकेल, पण सुताराची किंवा चालकाची रोजीरोटीच बंद होते. उकिडवे बसून काम करणाऱ्या वेल्डरची मांडी मोडली तर दाखल्यावर कितीही लहान आकडा असला तरी त्याचे किती काम बंद पडले, हे न्यायाधिकरणापुढे मांडता येते आणि मांडलेच पाहिजे.

आता मूळ मुद्दा. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनी जखमीला कायद्याच्या दारापर्यंत आणण्याची जबाबदारी पोलिसांवर टाकली आहे. अपघाताची खबर मिळाल्यापासून ४८ तासांत पहिला अहवाल न्यायाधिकरणाला व विमा कंपनीला द्यायचा. १० दिवसांच्या आत जखमीला किंवा मृताच्या वारसांना त्यांचे हक्क आणि कार्यपद्धती सांगणारा ‘नमुना २’ हाती द्यायचा. ५० दिवसांत अंतरिम आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल सादर करायचा, असा हा क्रम आहे. हा अहवाल न्यायाधिकरणाने भरपाईचा अर्ज म्हणूनच हाताळावा, अशी तरतूद मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ मध्ये आहे. या नियमांचे पालन व्हावे, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये दिले. इतके असूनही आमच्या घरी ‘नमुना २’ आला नाही आणि ज्या अपघातग्रस्त कुटुंबांशी मी बोललो, त्यांपैकी एकानेही तो पाहिलेला नव्हता. ठाण्यातील कर्मचाऱ्यांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. हंगामात बंदोबस्त, वाहतूक आणि तपास हे सगळे तीच मोजकी माणसे पाहतात, हे आम्ही जवळून पाहिले. पण कामाचा ताण खरा असला तरी त्याची किंमत जखमीने का मोजावी?

ही किंमत मोठी आहे, कारण त्याच १ एप्रिल २०२२ पासून दावा दाखल करण्यासाठीची सहा महिन्यांची मुदतही लागू झाली आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले असून, केवळ मुदत टळली म्हणून अर्ज फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला आहे. तरीही त्या भरवशावर कोणी थांबू नये. ज्याचे पहिले काही महिने खाटेवरच जातात, त्याला माहिती उशिरा मिळणे म्हणजे न मिळण्यासारखेच आहे. फिर्यादच झाली नाही तर अडचण आणखी वाढते, कारण त्या वाहनाचा अपघाताशी संबंधच नव्हता, असे म्हणायला विमा कंपनी मोकळी होते. ऊस वाहतुकीत आणखी एक गुंता आहे. ट्रॅक्टरचा विमा शेतीकामासाठी उतरवलेला असतो आणि वाहतूक भाड्याची चाललेली असते, कधी ट्रॉलीचा वेगळा विमाच नसतो. मग विम्याची अट मोडल्याचे सांगून कंपनी हात वर करते आणि मालक व कंपनी यांच्यातला वाद जखमीच्या अंगावर येतो. कंपनीने आधी जखमीला रक्कम द्यावी आणि मग मालकाकडून वसूल करावी, असे आदेश न्यायालये अनेक प्रकरणांत देतात. पण त्यासाठी दावा दाखल झालेला असावा लागतो.

ऊसतोड मजुरांची स्थिती याहून बिकट आहे. बीड किंवा अहिल्यानगर जिल्ह्यातून आलेले जोडपे ट्रॉलीवरून पडून जखमी झाले तर सांगलीच्या तारखांना येणे त्यांना परवडत नाही, आणि हंगाम संपताच सगळे प्रकरण इथेच सुटून जाते. अर्जदार जिथे राहतो त्या हद्दीतील न्यायाधिकरणातही दावा दाखल करता येतो, ही सोय कायद्यात आहे; ती टोळीच्या मुकादमाने आणि कारखान्याने मजुरांना सांगायला हवी. धडक देऊन वाहन पळून गेले आणि सापडले नाही, तरी गंभीर जखमीला ५० हजार व मृताच्या वारसांना २ लाख रुपये देण्याची योजना आहे आणि तिचा अर्ज प्रांत किंवा तहसीलदार कार्यालयात करता येतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो आणि १५१०० या क्रमांकावर विचारणाही करता येते.

हंगामाच्या तोंडावर पोलीस, परिवहन विभाग आणि साखर कारखाने रिफ्लेक्टरची मोहीम राबवतात, ते योग्यच आहे. त्याच वेळी मराठीतील ‘नमुना २’ प्रत्येक ठाण्यात आणि ग्रामीण रुग्णालयाच्या अपघात विभागात छापील स्वरूपात ठेवावा, तो दिल्याची जखमीची किंवा नातेवाइकाची सही तपासाच्या कागदपत्रांत लावावी, आणि हंगामाअखेर कोणत्या ठाण्यात किती गंभीर अपघात झाले व किती जणांना हा नमुना दिला, याचे आकडे जिल्हा पोलीस अधीक्षकांनी जाहीर करावेत, अशी माझी विनंती आहे. ऊस वाहतुकीचे करार करतानाच कारखान्यांनी ट्रॅक्टर आणि ट्रॉली या दोन्हींचा भाड्याच्या वाहतुकीला लागू होणारा विमा तपासावा आणि तो नसेल तर त्या वाहनाचा करार करू नये.

आपला वाचक,
ता. वाळवा, जि. सांगली
(नाव व पत्ता प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)