पायांच्या आधी हृदय

पुणे

प्रिय विनायक,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. तपासण्या सगळ्या नीट आल्या हे वाचून जीव भांड्यात पडला. तरी सिंहगडाच्या पायथ्याशी, अजून एक पाऊलही चढलेलं नसताना छाती धडधडते, ही धास्ती तुझ्या मनातून गेलेली दिसत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो. विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, लांबण लागली तर सांभाळून घे.

आपल्याला वाटतं, आधी पाय राबतात, मग ऑक्सिजन कमी पडतो आणि मग हृदय नि फुप्फुसं मदतीला धावतात. तसं नाही रे. १९१३ साली कोपनहेगनमध्ये ऑगस्ट क्रोग आणि योहान्नेस लिंडहार्ड यांनी माणसांना एका जागी उभ्या सायकलवर बसवून मोजमापं घेतली. पेडल मारायला लागल्याबरोबर श्वास आणि नाडी दोन्ही वाढली! पायातलं रक्त फिरून मेंदूपर्यंत पोचायलाही तेवढा वेळ पुरत नाही. त्यांनी ताडलं, की स्नायूंना हुकूम सोडतानाच मेंदू श्वास आणि हृदय सांभाळणाऱ्या केंद्रांनाही कळवतो. ही केंद्रं मेंदूच्या तळाशी, लंबमज्जेत असतात.

हृदयाला मोकळं सोडलं तर ते मिनिटाला साधारण १०० ठोके देईल. बसल्या जागी ते ७०च्या आसपास राहतं, कारण मेंदूतून हृदयाकडे येणाऱ्या व्हेगस नर्व्ह या नसेने लगाम खेचून धरलेला असतो. निघायचं म्हटलं, की मेंदू आधी तो लगाम सैल करतो. पायथ्याशी तुला जाणवतं ते बरंचसं हेच. हृदयाचं प्रत्यारोपण झालेल्या माणसात ही नस तुटलेली असते. त्याची नाडी वाढते, पण रक्तातून अ‍ॅड्रेनलिन पोचेल तशी, सावकाश.

मला सगळ्यात आवडतो तो १९७२चा प्रयोग. गुडविन, मॅक्लॉस्की आणि मिचेल यांनी लोकांना हात वाकवून ठरावीक जोर धरून ठेवायला सांगितला आणि दंडाच्या पुढच्या स्नायूच्या कंडरेवर, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीवर, कंपन दिलं. कंपनाने तो स्नायू आपोआप थोडा आवळतो, त्यामुळे तोच जोर कमी प्रयत्नात टिकतो. नाडी, रक्तदाब आणि श्वास कमी वाढले. मग दंडाच्या मागच्या स्नायूला कंपन दिलं. आता तोच जोर टिकवायला जास्त प्रयत्न लागला आणि तिन्ही जास्त वाढले. स्नायूचं काम तेवढंच, बदलला तो फक्त मेंदूचा हुकूम! शेवटच्या टप्प्यात चढ सौम्य असूनही धाप लागते असं तू लिहिलंस ना, त्यामागे हेही आहे. थकलेल्या पायाला तेच पाऊल टाकायला मोठा हुकूम लागतो.

अर्थात स्नायूही गप्प नसतात. १९३७ मध्ये कैरोत आलम आणि स्मर्क यांनी पट्टा आवळून राबणाऱ्या स्नायूतलं रक्त तिथेच अडवलं. काम थांबलं तरी रक्तदाब चढलेलाच राहिला, पट्टा सोडल्यावर उतरला. स्नायूत साचलेल्या द्रव्यांची खबर नसांमधून वर जात होती. तेव्हा पहिला हुकूम वरून सुटतो आणि मागोमाग खालून खबरा येत राहतात, दोन्ही मिळून हा कारभार चालतो.

पायथ्याच्या धडधडीला भिऊ नकोस. छातीत दुखलं किंवा चक्कर आली, तर मात्र तिथेच थांब आणि डॉक्टरांना दाखव. दिवाळीत येतोयस ना? पहाटे बरोबर चढू, पहिला टप्पा माझ्या चालीने. वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीकांत